टाम्बेरीच्या आधीची सारा सिमिओनी

टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीचा टाम्बेरी आणि कतारचा बार्शिम यांनी उंच उडीचं सुवर्णपदक वाटून घेतलं, ती गोष्ट छानच आहे. पण इटलीची उंच उडी म्हटली की मला आधी सारा सिमिओनी आठवते. 1972 ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये ती सहावी आली, 1976 ला माँट्रियलमध्ये रौप्य. तिथे सुवर्ण नेलं पूर्व जर्मनीच्या रोझमारी आकरमानने.

खरी रंगत 1978 ची. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रेशियात साराने 2.01 मीटरचा विश्वविक्रम केला. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रागच्या युरोपियन स्पर्धेत आकरमान समोर असताना पुन्हा तेवढीच उडी मारून सुवर्ण जिंकलं! आकरमान जुन्या पद्धतीने, पोट आडव्या दांडीकडे ठेवून उडी मारायची; सारा अमेरिकेच्या उंच उडीपटू फॉसबरीसारखी, पाठ दांडीकडे ठेवून. दोन्ही शैली इतक्या वरच्या पातळीवर अशा भिडलेल्या नंतर क्वचितच दिसल्या.

मॉस्कोत 1980 ला 1.97 मीटरवर ऑलिंपिक सुवर्ण मिळालं, पण इटलीचा संघ ऑलिंपिक ध्वजाखाली उतरल्यामुळे तिच्यासाठी स्वतःच्या देशाचं राष्ट्रगीत वाजलं नाही. याची मला आजही हळहळ वाटते. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, ती 2.00 मीटर पार करून पुन्हा रौप्यपदक घेऊन आली. तिचा 2.01 चा राष्ट्रीय विक्रम थेट 2007 मध्ये अँतोनिएता दी मार्तिनोने मोडला.