मदत हवी आहे: लातूर-धाराशिवमधील वित्तीय क्षेत्रातील रोजगार जिल्हानिहाय कसा मोजावा?

नमस्कार.

लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत बँका, पतसंस्था, विमा आणि सूक्ष्मवित्त संस्था मिळून किती लोकांना काम देतात आणि गेल्या दहा वर्षांत ते प्रमाण वाढले की घटले, याची वर्षनिहाय आकडेवारी मी तयार करत आहे. जिल्ह्याच्या पातळीवर आले की प्रत्येक स्रोत वेगळीच माणसे मोजतो आणि बेरीज जुळत नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

बँकांपुरता भक्कम आधार रिझर्व्ह बँकेच्या मूलभूत सांख्यिकी विवरणांचा (बँका रिझर्व्ह बँकेला ठरावीक नमुन्यात देतात त्या माहितीचा) आहे. त्यांपैकी दुसऱ्या विवरणातून 31 मार्च रोजीचे अधिकारी, कारकून आणि साहाय्यक कर्मचारी यांचे संख्याबळ समजते. राज्याच्या तक्त्यांवरून ग्रामीण, निमशहरी आणि शहरी गटांत दर शाखेमागे सरासरी किती कर्मचारी आहेत हे काढावे आणि त्या सरासरीने जिल्ह्यातील त्या-त्या गटाच्या शाखांची संख्या गुणावी, असे मी योजले आहे. औसा किंवा उमरग्यासारख्या निमशहरी ठिकाणी ही पद्धत चालेल असे वाटते. लातूर शहराबाबत मात्र खात्री वाटत नाही, कारण शहरी शाखांच्या आकारांत फारच तफावत असते. शिवाय 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या आणि त्यानंतर जवळजवळच्या शाखा एकत्र करण्यात आल्या. त्यामुळे शाखा कमी झाल्या म्हणजे माणसेही तितकीच कमी झाली, असे धरता येत नाही.

भविष्य निर्वाह निधी संघटनेची मासिक आकडेवारी येथे फारशी कामाला येत नाही. सरकारी बँकांत 1 एप्रिल 2010 पासून रुजू झालेले कर्मचारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहेत, म्हणून ते या आकडेवारीत येत नाहीत, आणि खासगी कंपनीचा निधी मुख्यालयातून भरला जात असेल तर लातुरात काम करणारा माणूस मुंबईच्या खात्यावर दिसू शकतो. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात (केंद्र सरकारच्या घरोघरी होणाऱ्या रोजगार पाहणीत) जानेवारी 2025 पासून जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही एका जिल्ह्याच्या नमुन्यात वित्त व विमा या गटातली माणसे अगदी थोडी येतात. त्यातच हे सर्वेक्षण माणूस राहतो तिथे मोजते आणि बँक तो काम करतो तिथे मोजते. लातुरात राहून धाराशिवच्या शाखेत रोज अप-डाउन करणारा कारकून त्यामुळे दोन स्रोतांत दोन जिल्ह्यांत जातो.

माझी खरी अडचण यापुढची आहे. बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट, गावात बँकेच्या वतीने व्यवहार करून देणारा बँकमित्र आणि विमा प्रतिनिधी हे कमिशनवर काम करतात, म्हणून ते कोणत्याच हजेरीपटावर नसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बँकांसाठी ठेवी गोळा करणाऱ्यांना कामगार मानले, तरी संख्याबळाच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. एटीएमवरचा एजन्सीचा रखवालदार तर औद्योगिक वर्गीकरणात वित्तीय क्षेत्रात न येता सुरक्षा सेवेत मोडतो. रखवालदाराला वगळणे मी समजू शकतो, पण पिग्मी एजंटला वगळून काढलेल्या आकड्याला जिल्ह्यातील वित्तीय रोजगार म्हणणे मला पटत नाही.

यावर एक वाट सुचते आहे. पतसंस्थांच्या वार्षिक अहवालातील नफा-तोटा पत्रकात पगार आणि पिग्मी कमिशन हे खर्च पुष्कळदा वेगवेगळे दाखवलेले असतात. कमिशनच्या रकमेला एका एजंटच्या सरासरी वार्षिक कमाईने भागले तर एजंटांच्या संख्येचा अंदाज यावा. पतसंस्थेत किंवा लेखापरीक्षणात काम केलेल्या कोणी हा हिशेब करून पाहिला आहे का? एकच माणूस दोन पतसंस्थांची पिग्मी गोळा करत असेल, तर दुहेरी मोजणी कशी टाळावी? सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयाकडे पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांची एकत्रित माहिती असते का, आणि ती माहितीच्या अधिकाराखाली मागायची झाल्यास अर्जात नेमके कोणते विवरण नमूद करावे?