जागतिक बँक, नाणेनिधी : सुधारणा म्हणजे बदलायचं काय?

चौकस :
२०२३ मध्ये अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा एक मित्र म्हणाला, 'आता गरीब देशांचं ऐकलं जाईल.' मला पटलं नाही, पण का ते धड सांगता येईना. या संस्थांमध्ये नेमकं काय बदलायला हवं?

जमाखर्च :
आधी मतांचा हिशेब बघा. बंगांचा जन्म भारतातला असला तरी नागरिकत्व अमेरिकेचं, नावही अमेरिकेनेच सुचवलेलं. बँक अमेरिकेकडे, नाणेनिधी युरोपकडे, ही वहिवाट पहिल्यापासूनची. नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे ती 'नाही' म्हणाली की निर्णय अडला. झालं! चीन, भारत वगैरेंचा वाटा वाढवायचं २०१० मध्ये ठरलं, अमेरिकी काँग्रेसची मंजुरी आली डिसेंबर २०१५ मध्ये. २०२३ मध्ये कोटा, म्हणजे प्रत्येक देशाने निधीत ठेवायची रक्कम, जिच्यावर मतं ठरतात, ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचा एकाच प्रमाणात, म्हणजे वाटे जिथल्या तिथे.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. मी नऊ वर्षं मदत-प्रकल्पांचे हिशेब लिहिले. एका पाणीयोजनेला तीन देणगीदार. तिघांचे नमुने वेगळे, ऑडिटर वेगळे, आर्थिक वर्षंसुद्धा वेगळी. एकाच पंपाचा खर्च मी तीन अहवालांत वाटून दाखवायचे. पुढे पंप बंद पडला, तरी तिन्हीकडे 'उद्दिष्ट साध्य'. कारण उद्दिष्ट पंप बसवण्याचं होतं, पाणी येण्याचं कुणी लिहिलंच नव्हतं. मदत घेणाऱ्या देशाचीच हिशेबपद्धत शक्यतो वापरू, असं देणगीदारांनी २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात कबूल केलं होतं. आमच्याकडे त्याची प्रत फाइलला व्यवस्थित लावलेली होती.

उलटतपासणी :
मग नव्या बँका काढल्या की झालं! ब्रिक्स देशांनी काढलेल्या शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेत पाचही संस्थापक देशांचा वाटा समान, नकाराधिकार कुणालाच नाही.

जमाखर्च :
ते चांगलंच आहे. पण तिच्याच आगेमागे बीजिंगमध्ये निघालेल्या एआयआयबीत (आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत) मोठ्या निर्णयांना तीन चतुर्थांश मतं लागतात आणि चीनकडे २६ टक्क्यांच्या आसपास आहेत. बीजिंगवाले गणित वॉशिंग्टनकडूनच शिकले म्हणायचे. आणि बंद पंपाची तक्रार ऐकणारा माणूस कुठल्या बँकेत बसतो, ते या टक्केवारीतून कळत नाही.

चौकस :
त्या तीन अहवालांवर सही कुणाची होती?

जमाखर्च :
'तयार करणार' या रकान्यात माझी. तिन्हींवर.