दुकानातल्या संगणकावर नोटपॅडने काहीही लक्षात ठेवू नये

विंडोज ११ मधल्या नव्या नोटपॅडबद्दल हा धागा. टॅब आले, स्पेलचेक आलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सेव्ह न केलेला मजकूर ते स्वतःहून सांभाळून ठेवतं आणि पुढच्या वेळी समोर आणून मांडतं, हे मला साफ अमान्य आहे.

आमचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. माणूस नाव, पत्ता, आधार नंबर सांगतो. मी आधी नोटपॅडमध्ये टाइप करते, त्याला वाचून दाखवते, मग पोर्टलवर चिकटवते. जुन्या नोटपॅडला फुली मारली की ते 'सेव्ह करू का' विचारायचं. नको म्हटलं की विषय संपला. नवं विचारतच नाही. गेल्या महिन्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या एका मावशींचा मजकूर मी असाच बंद केला. संध्याकाळी एका मुलाच्या फॉर्मसाठी नोटपॅड उघडलं, तर मावशींचा आधार आणि मोबाईल नंबर जसाच्या तसा हजर, आणि तो मुलगा शेजारच्या स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघतोय. चूक माझीच, हे बंद करायचं सेटिंग पाहिलं नव्हतं. पण मावशींनी नंबर माझ्या भरवशावर सांगितला होता.

प्रतिसाद १
असहमत. आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्याकडे इन्व्हर्टर नाही. ग्रामसभेच्या ठरावाचा दीड पानी मसुदा एकदा असाच गेला, दुसऱ्यांदा लिहिताना निम्मे मुद्दे आठवेनात. आता लाईट आली की मजकूर बहुतेक जागेवर असतो. शिवाय जुन्यात कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की केलेलं परत उलटायचं. ते दिवस मला नकोत.

प्रतिसाद २
जुन्याचं कौतुक मराठी माणसाने तरी जपून करावं. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपर्यंत नोटपॅड नवी फाईल आपोआप 'अ‍ॅन्सी'मध्ये, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या जुन्या अक्षरपद्धतीत, सेव्ह करायचं. देवनागरी असेल तर इशारा यायचा, पण घाईत ओके दाबलं की दुसऱ्या दिवशी फाईलभर प्रश्नचिन्हं! सगळ्या लिप्या मावणारी 'यूटीएफ-८' पद्धत निवडा, हे मी किती जणांना फोनवरून सांगितलं असेल. ते आपोआप होऊ लागलं, ही मला १९८५ पासूनच्या नोटपॅडमधली सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

धागाकर्ती
@२, यूटीएफ-८ बद्दल शंभर टक्के मान्य. @१, तुमचा संगणक तुमचा एकट्याचा आहे, तिथे त्याने सगळं लक्षात ठेवावं. माझ्याकडे एकाच कीबोर्डवर दिवसभर परक्या माणसांची माहिती येते. कारखान्यातून येताना हे लक्षात ठेवायचं बटण चालू असावं की बंद, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि माझ्या मते ते बंद असावं. ज्याला हवं तो चालू करील.

प्रतिसाद ३
नोटपॅड प्लस प्लस घ्या, फुकट आहे.

धागाकर्ती
वापरलंय, चांगलं आहे. पण तेही मागचं सत्र लक्षात ठेवतं, तिथेही बंद करावंच लागतं.

प्रतिसाद १
बटण बंद ठेवून दिलं तर माझ्यासारख्याला ते आहे हे मसुदा गेल्यावर कळणार. तुमचं काम सेटिंगमधल्या एका क्लिकचं आहे, गेलेला मजकूर मात्र कुठल्याच क्लिकने परत येत नाही.

धागाकर्ती
बाहेर गेलेला आधार नंबरसुद्धा परत घेता येत नाही.

प्रतिसाद ४
ताई, जुनं नोटपॅड विंडोज ११ मध्येही असतं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅप सेटिंग्ज, अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस इथे जाऊन नोटपॅडचं बटण बंद करा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून इंग्रजीत 'notepad' टाइप केलं की जुनं उघडतं. सेव्ह यूटीएफ-८ मध्येच होतं आणि बंद करताना विचारतं.

प्रतिसाद १
म्हणजे पुन्हा एका पावलाचं अनडू?

धागाकर्ती
हो, चालेल मला. आत्ताच करून पाहिलं. चार ओळी टाइप केल्या, फुली मारली, त्याने विचारलं, नको म्हटलं. परत उघडलं तर पान कोरं.