अडीच वर्षांच्या पोराला शंभरपर्यंत येतं, म्हणून बाकीचे आईबाप आळशी?

चोपड्याची अंगणवाडी ताई :
जळगावच्या एका वडिलांनी परवा लिहिलं, "माझा मुलगा अडीच वर्षांचा. एबीसीडी पाठ, शंभरपर्यंत आकडे पाठ, तक्त्यावरचं प्रत्येक अक्षर बोट लावून सांगतो. तीन वर्षांची होऊनही ज्यांची मुलं कोरी आहेत ते आईबाप आळशी." खाली नुसत्या टाळ्या. माझ्या अंगणवाडीतल्या दोन आया ते वाचून रडवेल्या होऊन आल्या, म्हणून लिहिते आहे.

एकवीस वर्षं हेच काम करते. शंभरपर्यंत धडाधड म्हणणारी पोरं दरवर्षी येतात. पुढ्यात चिंचोके ठेवून मी म्हणते, "मला तीन दे." मूठभर देतात. पाच चिंचोके मोजायला सांगितले तर बोट लावून नीट मोजतात, पण "मग किती झाले?" म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तितके, हे अजून उमगलेलं नसतं. ते साडेतीन-चारच्या सुमाराला उमगतं, कुणाला त्याहून उशिरा. तोवर एक ते शंभर हे बडबडगीतच. अक्षरांचं तसंच. 'क' ओळखतात तो कमळाच्या चित्रावरून, चित्रावर हात ठेवा की गप्प. आणि या वयात पेन्सिल तर नकोच, मनगटातली हाडं अजून पुरती तयारही झालेली नसतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा पानं, बिया, शिंपले हेच साहित्य होतं. ती मुलं कोरी नव्हती.

जळगावचा बाबा :
ताई, माझ्या मुलाला तुम्ही पाहिलेलं नाही. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. घरात छापलेला कागद म्हणजे किराण्याच्या पुडीचा. मला चौथीपर्यंत वाचता येत नव्हतं, मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर उभं करून हसवलंय माझ्यावर. मोठ्या मुलीला इथल्या एका शाळेत नर्सरीला नेलं, तिला रंग आणि आकडे विचारले, ती माझ्या पायामागे लपली आणि प्रवेश गेला. तुमचे चिंचोके तिथं कोण विचारतं? धाकट्याला रोज रात्री मांडीवर घेऊन शिकवतो. मारत नाही, ओरडत नाही. यात माझं काय चुकलं?

चोपड्याची अंगणवाडी ताई :
मांडीवर घेता ते चुकलं नाही. दुसऱ्यांना आळशी म्हणालात ते चुकलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी अशी परीक्षा घ्यायला बंदी आहे, पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. नर्सरीवाले त्याच फटीतून निसटतात. राग त्यांच्यावर काढा.

अमळनेरचे निवृत्त गुरुजी :
शंभरपर्यंत म्हणजे वन टू की एक दोन, ते आधी कळू द्या. माझ्या नातवाला एकोणसाठ म्हटलं की तो "म्हणजे फिफ्टी नाइन का?" असं विचारतो. तेहतीस वर्षं शिकवून हे ऐकायचं! २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास सात' घातलं तेव्हाच मी म्हटलं होतं की मराठी आकडे संपवायला घेतले.

शिरपूरची गणिताची बाई :
गुरुजी, ते पुस्तक उघडून पाहिलंत का? दोन्ही वाचनं दिली होती, एकवीसही आणि वीस एकही. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा कारण समजावून सांगितलं होतं. आपण लिहितो आधी दोन, मग एक, आणि म्हणतो आधी एक, मग वीस. माझ्या वर्गात 'पंचवीस' सांगितलं की दरवर्षी काही मुलं ५२ लिहितात. कानडीत, तेलुगूत दशक आधीच बोलतात. तिथली भाषा बुडाली का?

अमळनेरचे निवृत्त गुरुजी :
पिढ्यान्‌पिढ्या याच आकड्यांवर पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ झाले. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. बोलता बोलता वजाबाकी शिकवणारी भाषा आहे आपली आणि तुम्ही ती सोपी करायला निघालात!

शिरपूरची गणिताची बाई :
मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाही?

धुळेकर :
गुरुजी, इतला काबर तापी राहिनात? दोन्ही शिकवा. माझ्या मुलीचं दुखणं निराळंच आहे. एसटीच्या पाटीवरचा १ ती नऊ वाचते, कारण फोनवरचा 9 तसाच दिसतो. एकाच वयात दोन तऱ्हेचे आकडे कशाला तोंडावर मारायचे?

रावेरचा केळीवाला :
आमची आजी शाळेची पायरी चढली नव्हती. केळीच्या फण्या ईसावर मोजायची. दोन ईसा न पाच म्हणजे पंचेचाळीस, पाच ईसा म्हणजे शंभर. एक फणी चुकली नाही कधी. तुमच्या 'वीस एक'च्या आधीपासून वीस पहिलेच होते आमच्याकडे. त्याच्यासाठी भांडता कायले?

अमळनेरचे निवृत्त गुरुजी :
हे खरं आहे. माझी आईही विसावर मोजायची. तेवढं मान्य. पण एकोणसाठ मी सोडणार नाही.

भुसावळची आई :
आकड्यांचं भांडण जरा थांबवा, मला मूळ गोष्टीवर बोलायचं आहे. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना इंजिनावरचे पाचही आकडे वाचायचा, डब्यावरची इंग्रजी अक्षरंसुद्धा. अख्खी कॉलनी बघायला यायची. पण हाक मारली तर वळायचा नाही. बोट दाखवून कधी काही मागितलं नाही, माझा हात धरून वस्तूपाशी न्यायचा. सासूबाई म्हणायच्या, हुशार मुलं अशीच असतात. कान तपासले, कान चांगले निघाले. चार वर्षं उलटल्यावर स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, कळली. अक्षरांच्या अशा वेडाला हायपरलेक्सिया म्हणतात, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. स्पीच थेरपी दोन वर्षं आधी सुरू झाली असती. ती दोन वर्षं आम्ही टाळ्या वाजवण्यात घालवली.

लवकर अक्षरं येणारं प्रत्येक मूल असं नसतं, बहुतेक नसतातच. पण आकडे येतात एवढ्यावर खूश होऊ नका. हाकेला वळतं का, डोळ्यांत बघतं का, "ते बघ" म्हणून बोट दाखवतं का, ते आधी बघा.

जळगावचा बाबा :
तुम्ही माझ्या पोराला आजारी ठरवायला निघालात का?

भुसावळची आई :
नाही हो दादा. मला त्या वेळी कुणी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून विचारलं.

धुळेकर :
तो आकडे कुठून शिकला? मांडीवर की मोबाइलवर? जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच म्हणते, चारपर्यंत दिवसाला फार तर तासभर.

जळगावचा बाबा :
थोडं मोबाइलवर. सुपरवायझरसारखी माझीच हजेरी घेणार का सगळे?

(दुसऱ्या दिवशी)

जळगावचा बाबा :
काल रात्री घरात चिंचोके नव्हते, शेंगदाणे ठेवले. तीन दे म्हटलं. त्याने ओंजळभर दिले आणि माझ्याकडे बघून हसला. पुन्हा मागितले, पुन्हा ओंजळ. ताईंचं हे खरं निघालं. अक्षरं मी बंद करणार नाही, त्याला आवडतात आणि मलाही त्याच्याबरोबर बसायला आवडतं. 'आळशी' शब्द मागे घेतो. त्या दोन आयांना सांगा.

भुसावळच्या ताई, सकाळी तो अंगणात खेळत होता तेव्हा मागून हळूच हाक मारली. तीनदा मारली, तिन्हीदा वळला.

भुसावळची आई :
देवाची कृपा. शेंगदाणे घशात अडकतात दादा, मोजायला दुसरं काही घ्या. चिंचोकेही तुम्ही समोर बसला असाल तरच.