मोठी पिकअप देऊन छोटी घेतली : अनुभव धागा

माझे वडील सांगलीत हळद आणि बेदाण्याचा माल वाहायचे. आधी दुसऱ्याच्या टेंपोवर, नंतर स्वतःचा छोटा हत्ती घेतला. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे डॅलसजवळ राहायला आले होते, तेव्हा दारात माझी फोर्डची मोठी पिकअप, एफ-१५०, उभी होती. त्यांना तिचं फार कौतुक वाटलं. भोवती दोन चकरा मारल्या, टायर दाबून पाहिले, फाळका उघडून हौद्यात हात फिरवला. आठ-दहा दिवस गेल्यावर एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "हिच्या रिकाम्या खेपा किती होतात रे?"

मला उत्तर देता येईना. ज्यांनी मालवाहतूक केली आहे त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. भरून गेलेली गाडी रिकामी परत आली की डिझेल खिशातून जातं, आणि महिन्याचा हिशोब तिथेच फसतो. माझी पिकअप ऑफिसला रिकामी जात होती, रिकामी येत होती.

त्या दिवसापासून फोनमध्ये नोंद ठेवली. वर्षभरात हौद्यात काहीतरी घातलं अशा खेपा ३१. त्यातल्या साध्या मोटारीच्या डिकीत मावल्या नसत्या अशा १९. आणि छोट्या पिकअपच्या साडेचार फुटी हौद्यात बसल्याच नसत्या अशा फक्त तीन : एक सोफा आणि दोन वेळा आमच्या पथकाचे ढोल.

मग फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड घेतली. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी : मोठ्या पिकअपला खाली शिडीसारखी पोलादी चासी असते, तिच्यावर केबिन वेगळी आणि हौदा वेगळा बसवलेला. मॅव्हरिकला अशी वेगळी चासी नाही, मोटारीसारखं सगळं अंग एकसंध. फोर्डच्या एस्केप आणि ब्रॉन्को स्पोर्ट या गाड्यांच्याच पायावर ती बांधली आहे. त्यामुळे खड्ड्यातून जाताना मागचं धूड आपल्या मागून वेगळं उडतंय असं वाटत नाही. आई मागे बसते, ती आता कंबर धरून उतरत नाही. मला तरी हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

गॅरेजचं सांगतो. आमचं गॅरेज २० फूट खोल, म्हणजे २४० इंच. चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५० असते २३१.७ इंच. उरतात जेमतेम आठ इंच. समोर दोरीला टेनिस बॉल टांगला होता. तो काचेला टेकला की ब्रेक. शटर खाली आलं की गाडीपुढून कुणाला जाता यायचं नाही, कपडे धुवायच्या मशीनकडे जायला घरातून वळसा. मॅव्हरिक १९९.७ इंच आहे. त्या अडीच-पावणेतीन फुटांत आता मुलांच्या सायकली उभ्या आहेत आणि बॉल उतरवला आहे.

पेट्रोल : जुनीला माझ्या हातात गॅलनला १८ मैल, हिला ३८. वर्षाला १२ हजार मैल चालवतो, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे गॅलन वाचले. हायब्रिडचं गणित आपल्या सवयीच्या उलटं असतं, गावात जास्त आणि हायवेवर कमी. माझ्या मॉडेलचा सरकारी आकडा गावात ४२, हायवेवर ३३ आहे, आणि ताशी ७५-८० मैलांच्या वेगाने ह्यूस्टनला गेलं की हायवेचा आकडा खरा ठरतो. गावातलं फिरणं कमी असेल तर एवढी बचत धरू नका.

काय गमावलं? ढोल आता दोन खेपांत न्यावे लागतात. विसर्जनाच्या दिवशी ते जाणवतं.

तुम्ही बदलली असेल, बदलून पस्तावला असाल, परत मोठीकडे गेला असाल, तर लिहा. आकडे असतील तर आकड्यांसकट. ट्रेलर ओढणाऱ्यांचं मला विशेष ऐकायचं आहे, कारण त्यातलं मला काहीच कळत नाही.

*

कोलोरॅडोहून :

ट्रेलरवाला मी. मी बदलली आणि १४ महिन्यांत परत मोठी घेतली. कुठली छोटी घेतली होती ते लिहीत नाही, कारण चूक गाडीची नव्हती.

कंपनीने लिहिलं होतं ५,००० पौंड ओढेल. आमचा कॅम्पर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, रिकामा ३,६०० पौंडांचा. म्हटलं, भरपूर जागा आहे. पण रिकामं वजन म्हणजे कारखान्यातून निघतानाचं. पाणी, गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणं, मुलांचा पसारा. पहिल्या सहलीनंतर काट्यावर घातला तर ४,७०० भरला. तरीही आकड्याच्या आतच होतो.

खरा घोटाळा दुसरीकडे होता. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर, म्हणजे आपल्या गाडीवर येतो. माझा साडेपाचशे पौंड यायचा. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक छोटा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून गाडी किती पेलेल ते लिहिलेलं असतं. माझ्या गाडीचा आकडा १,४००. हुकावरचे ५५०, आम्ही चौघं ६००, हौद्यात सायकली आणि बर्फाची पेटी मिळून २००. झाले १,३५०. पन्नास पौंड शिल्लक. कुत्र्याला घेऊन जायचं म्हटलं तर आकडा ओलांडला. ओढण्याचा मोठा आकडा जाहिरातीत असतो. हा छोटा कुणी सांगत नाही.

आय-७० हायवेवर आयझेनहावर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. चढताना गाडी हळू गेली, त्याचं काही नाही. डेन्व्हरकडे उतरताना मात्र मागून ट्रेलर ढकलतोय हे सीटमध्ये जाणवत होतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते, नीट बसवलेलेही होते. तरी कडेने एक मोठा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमचं शेपूट हललं. बायको बोलली नाही, पण तिने दाराचं हँडल सोडलं नाही, थेट खाली सपाटीवर येईपर्यंत. पुढच्या महिन्यात गाडी विकली.

धागाकर्त्याच्या खेपा मोजण्याशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या जड खेपा वर्षाला सहाच होतात. पण त्या सहा खेपांत सगळं घर गाडीत असतं.

*

मिसिसागा, कॅनडा :

मोठी शेव्हरोले सिल्व्हराडो दिली, होंडा रिजलाइन घेतली. पाचवा हिवाळा चालू आहे. बर्फात हिच्यावर माझा मोठीपेक्षा जास्त विश्वास आहे. मोठी पिकअप रिकामी असली की मागून हलकी, साध्या दोन चाकी ड्राइव्हवर ठेवली तर सिग्नलला मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. मी दर नोव्हेंबरात हौद्यात वाळूच्या पिशव्या टाकायचो. म्हणजे रिकामी खेप टाळायला वाळू वाहत होतो, आणि तिचं पेट्रोलही मीच भरत होतो. रिजलाइनला चारही चाकांना गरजेप्रमाणे ताकद जाते, पिशव्या बंद.

हौद्याच्या तळाखाली कुलुपाची डिकी आहे, तिला पाणी सोडायला बूच आहे. हॉकीच्या सामानाचा वास केबिनमध्ये येत नाही एवढ्यावरच घरचे खूश. फाळका खालीही पडतो आणि दारासारखा बाजूलाही उघडतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. स्टेपनी त्या तळाखालच्या डिकीतच आहे. मला ते माहीत होतं, पण माहीत असणं आणि लक्षात असणं वेगळं. मे महिन्यात बागेसाठी मातीच्या २२ पिशव्या भरून ४०१ हायवेवरून येत होतो, मागचं चाक बसलं. स्टेपनी काढायला झाकण उचलायचं, आणि झाकणावर माती. सगळ्या पिशव्या एकेक करून कडेच्या गवतात उतरवल्या, चाक बदललं, परत चढवल्या. पाऊण तास, आणि शेजारून मोठे ट्रक चाललेले. आता जड माल भरायचा असेल त्या दिवशी स्टेपनी मागच्या सीटच्या पुढे आडवी बांधून नेतो. मुलं बरोबर नसतील तेव्हाच हे जमतं.

*

अटलांटाहून :

मी चालवते म्हणून लिहिते; अशा चर्चेत बायका कमी दिसतात.

माझी उंची पाच फूट. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, एरवी शनिवार-रविवार मुंजी, डोहाळजेवणं, बारशी. आमच्याकडे ह्यांची रॅम १५०० होती. तिचा फाळका उघडला की माझ्या छातीशी यायचा. वीस लिटरचं आमटीचं पातेलं छातीपर्यंत उचलून आत सरकवायचं, आणि ते हौद्यात पुढे गेलं की हात पोचत नाही, मग मी स्वतः वर चढायचे. साडी नेसून. दोन वर्षांत उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, कोपराच्या वर वजन उचलायचं नाही.

मग मी शिवणकामाची टेप पर्समध्ये घेऊन शोरूममध्ये गेले. जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंतचं माप घरीच घेतलं होतं. विक्रेता मोठ्या स्क्रीनबद्दल सांगत होता, मी फाळक्याची उंची मोजत होते. ह्युंदाई सांता क्रूझ कोपराखाली बसली. ही आमच्या शेजारच्या अलाबामातच, मॉन्टगोमेरीत बनते. पहिल्या विक्रेत्याने सही करायच्या वेळी छापील किमतीवर चार हजार डॉलर जास्त लावले, "बाजारभाव" म्हणून. उठून आले. दीड महिन्याने दुसऱ्या गावातून छापील किमतीत मिळाली. बायांनो, उठून यायला लाजू नका.

मोठी एसयूव्ही का नाही घेतली असं सगळे विचारतात. कारण एकदा पातेलं हिंदकळलं की हिंगाचा आणि फोडणीचा वास सीटमध्ये महिनाभर राहतो, चकलीच्या तळणीचा तर त्याहून जास्त. हौदा मी पाइपने धुते. वर सरकतं झाकण आहे, कुलूप लागतं, त्यामुळे पावसात डबे कोरडे. हौदा आखूड आहे, पण आखूड आहे म्हणूनच माझा हात पोचतो. माझ्यासाठी ती उणीव नाही.

*

न्यू जर्सी :

थोडक्यात. मॅव्हरिक. ठरलेली पेलण्याची क्षमता साधारण १,५०० पौंड. नर्सरीत लोडरवाला एक बकेट टाकतो ती एक घनयार्ड असते. लाकडी मल्च, म्हणजे झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा, असेल तर चालतं, ओली नसेल तर हजाराच्या आत येते. माती असेल तर एक यार्ड दोन हजार पौंडांच्या पुढे जाते, अर्धाच सांगा. हौद्यात दिसायला तेवढीच दिसते म्हणून फसायला होतं. मी भरताना मागच्या टायरकडे बघत उभा राहतो आणि हात वर करतो.

*

मेलबर्नहून :

आमच्याकडे गोष्ट उलटी झाली आहे. मोटारीच्या अंगाची पिकअप, जिला इथे यूट म्हणतात, ती याच देशात रुजली. गिलाँगच्या फोर्ड कारखान्यात लुईस बँड्ट या तरुणाने १९३४ मध्ये ती आणली. त्याआधी एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहिलं होतं : रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. दोन गाड्या परवडत नव्हत्या, एवढंच कारण.

मी २०११ मध्ये जुनी फाल्कन यूट घेतली. रंगकामाचा धंदा, डबे-शिड्या मागे, आणि चालवायला मोटारच. फाल्कन यूटचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं, होल्डन या दुसऱ्या कंपनीच्या यूटचं २०१७ मध्ये. आता शोरूममध्ये गेलं की हायलक्स, रेंजर, सगळ्या शिडीच्या चासीच्या उंच गाड्या. छोटीकडे यायचं तर यायला छोटी नवी उरलेलीच नाही. तुमच्याकडे मॅव्हरिक मिळते हे वाचून हेवा वाटला. माझी तीन लाख किलोमीटर झाली आहे आणि मी तिचा गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उघडतो आहे.

*

मिशिगन :

सुतारकाम हा छंद. "चार बाय आठचं प्लायवुड मावत नाही" म्हणून छोटी नाकारणाऱ्यांसाठी. मॅव्हरिकचा फाळका अर्ध्यावर अडकवता येतो. तसा अडकवला की त्याची कड आणि आतल्या चाकांच्या खोक्यांची वरची बाजू एका पातळीत येते, आणि प्लायवुड त्यावर सपाट झोपतं. मागे बाहेर राहतं, म्हणून दोन पट्टे आणि टोकाला लाल कापड. रिजलाइनमध्ये तर चाकांच्या मधूनच सपाट तळावर जातं. मी गेल्या महिन्यात देवघराचं सागवानी तोंडाचं प्लाय असंच आणलं, कोपरा एकही उडाला नाही.

बाळाची मागे तोंड केलेली सीट मात्र आधी बसवून बघा. मॅव्हरिकमध्ये ती बसते, पण पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागते. मी सहा फूट आहे. वर्षभर बायकोच चालवत होती.

*

धागाकर्ता :

कोलोरॅडोकरांचं वाचून वडिलांना फोन केला, सगळा हिशोब वाचून दाखवला. ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, घाटात माल उतरवता येत नाही. मग मला विचारलं, तुझ्या दारातल्या स्टिकरवर काय लिहिलंय? मी पाहिलं नव्हतं. फोन चालू ठेवूनच गॅरेजमध्ये गेलो आणि टॉर्च लावून आकडा वाचला. त्यांनी तो लिहून घेतला.

ढोलांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पथकात ज्यांच्याकडे ट्रेलर आहे त्यांनी हुकावरचा भार कसा मोजता ते लिहा.