मदत हवी आहे: घरासाठी कॉर्डलेस ड्रिल कुठल्या ब्रँडचं घ्यावं?

नमस्कार मंडळी. पडद्यांचे रॉड, फळ्या, कपाटाच्या सैल बिजागऱ्या अशी कामं मी घरीच करतो. वायरचं जुनं ड्रिल आहे, पण शिडीवर वायर सांभाळणं आता नको वाटतं.

खरा प्रश्न बॅटरीचा आहे. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणजे आज जो ब्रँड घेईन त्याचंच पुढे जिगसॉ आणि ग्राइंडरही घ्यावं लागणार. बॉशच्या तर हिरव्या (घरगुती) आणि निळ्या (व्यावसायिक) मालिकांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही एकमेकींत चालत नाहीत. डीवॉल्टचं ‘२० व्होल्ट मॅक्स’ मला आधी जास्त ताकदीचं वाटलं होतं. पण ती बॅटरीही १८ व्होल्टवाल्यांसारखी पाच सेलचीच, पूर्ण चार्ज असताना २० व्होल्ट, एरवी १८.

मकिता, निळी बॉश की डीवॉल्ट? काँक्रीटमध्ये ८ मिमीची भोकं वर्षाला दहा-बाराच पाडायची आहेत. त्याला कॉर्डलेस हॅमर ड्रिल पुरेल, की तिथे वायरचंच बरं?

आणि बॅटरी महिनोन्महिने पडून राहणार असेल तर किती चार्ज करून ठेवता? माझ्या स्क्रूड्रायव्हरची पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून कायमची गेली. चार-पाच वर्षं वापरलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.