दंड सोडून सरकारने बाइकवाल्याला काय दिलं? अनुभव सांगा

दुचाकी आणि सरकार म्हटलं की चौकात शिट्टी मारणारे मामा आठवतात, नाहीतर मोबाइलवर टिंग करून येणारं ई-चलान. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळपास 75 हजार दुचाकीवरची. मग दंडापलीकडे एखादा नियम, योजना, रस्ता, प्रशिक्षण कधी कामी आलं का? की आडवंच आलं? स्वतःवर गुजरलेलं लिहा. हेल्मेटसक्ती हवी की नको यावर पुणेकरांनी पुरेसं भांडून झालंय, तो विषय इथे नको.

सातारकर
एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. तेव्हा आम्ही कट्ट्यावर 'गाडी उगाच महाग केली' म्हणून बोंबललो होतो. पुढे आंबेनळी घाटात, भर पावसात, वळणावर म्हैस. पुढचा ब्रेक करकचून दाबला, बोटांखाली लिव्हर थडथड थडथड उडाली आणि गाडी सरळच थांबली. म्हशीने ढुंकून पाहिलं नाही. गावाकडच्या शंभर सीसीवाल्यांच्या वाट्याला मात्र सीबीएसच आलं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारं, आणि घाटात जास्त तेच असतात.

ठाण्याची
मागे बसणारीलाही हेल्मेट हवं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये आहेच. मुंबईत जून 2022 पासून कारवाई सुरू झाली तेव्हा नवऱ्याने माझ्यासाठी दुसरं हेल्मेट घेतलं. माझ्या डोक्याची किंमत पाचशे रुपये दंड, हे सरकारने ठरवलं तेव्हा घरात पटलं! आयएसआयचा शिक्का बघून घेतलं, हे महत्त्वाचं. फुटपाथवरच्या टोप्या घेऊ नका.

लेस्टरहून
मूळ गाव कराड. तिथे लायसनसाठी आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, झालं. ब्रेक कसा दाबायचा हे कोणी विचारलंही नाही. इकडे इंग्लंडमध्ये 125 सीसीवर शिकाऊ म्हणून बसायचं तरी आधी सीबीटी, म्हणजे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण. 1990 पासून आहे. आधी मैदानात, मग किमान दोन तास खऱ्या रस्त्यावर, एका मास्तरामागे जास्तीत जास्त दोन शिकाऊ. कानात रेडिओ. वळायच्या आधी आरशावर विसंबलात की लगेच आवाज येतो, "खांद्यावरून मागे बघ." दिवसभर तेच. मान दुखली, पण आता कराडला सुट्टीत भावाची गाडी घेतली तरी मान आपोआप वळते. फी आपल्याच खिशातून, आणि प्रमाणपत्र दोन वर्षांचं. तेवढ्यात पुढच्या परीक्षा पास झाला नाहीत तर पुन्हा सीबीटी. एक मात्र खरं, इथे मोटरसायकल हेल्मेटवर व्हॅट शून्य आहे. आपल्याकडे एकीकडे सक्ती, दुसरीकडे 18 टक्के जीएसटी लावलेला. याचा हिशोब मला कोणी समजावून सांगेल?

सिन्नरकर
रात्री रस्त्यात एक पोरगा पडलेला दिसला. मित्र म्हणाला, "नको, पोलिसांचं लफडं लागेल." 108 लावला, गाडी येईपर्यंत थांबलो. हवालदारांनी नाव विचारलं. म्हटलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ प्रमाणे मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. ते हसले, "बरं साहेब, निघा." त्यांना कलम माहीत होतं, हेच मोठं. दवाखान्यात मात्र वेगळी कथा. मे 2025 मध्ये अधिसूचना निघालीय, अपघातग्रस्ताला सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस. काउंटरवरच्या बाईंनी आधी "अनामत कोण भरतंय?" विचारलं. योजनेचं नाव घेतलं तर त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

पनवेलचा घाटवेडा
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. सुरक्षेसाठी म्हणे. मग जुन्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून जा. राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे, ते मान्य. पण नाक्यावर डावीकडची ती चिंचोळी बोळ बघितलीय ना? खडी, सांडलेलं ऑइल, मध्येच शेंगदाणेवाला.

सातारकर
आणि त्याच बोळीतून समोरून येणारा ट्रॅक्टर. तो राहिला.